ओरखडा घेऊन त्सुबामेला

सुनेच्या वस्तूला सासूने हात लावू नये, हे मला माझ्या सासूबाईंनी कधी शिकवले नाही. त्या माझ्या वस्तूंना खुशाल हात लावीत. तेव्हा गेल्या वर्षी जपानात चिरंजीवांकडे राहायला गेले असताना माझ्या हातून जे घडले, त्याचा थोडा दोष मी आमच्या घराच्या वळणाला देते. उरलेला सगळा माझा.

चिरंजीव आणि सूनबाई टोकियोच्या पूर्व अंगाला निशिकासाई नावाच्या वस्तीत राहतात. तेथे आपल्या देशाची माणसे इतकी, की दुकानात हिंग मिळतो, तूरडाळ मिळते आणि "काय, कधी आलात?" असे विचारणारे कोणी ना कोणी भेटतेच. पण सकाळी आठाला दोघे कामावर गेली की मागे उरायचो मी आणि 'हे'. खिडकीसमोरच्या उंच पुलावरून आगगाड्या जात. 'ह्यां'नी त्या मोजायला सुरुवात केली आणि मी घासायला.

माझे माहेर पुण्याच्या कसबा पेठेतले, तांबट आळीला लागून. तांब्याच्या पत्र्यावर पडणाऱ्या हातोड्यांच्या आवाजात आम्ही परवचा म्हटला. आईचा दंडक असा, की दसऱ्याला घरातल्या प्रत्येक भांड्यात तोंड दिसले पाहिजे. आम्ही तिघी बहिणी चिंच आणि राख घेऊन अंगणात बसत असू. जे मळले आहे ते घासले की लख्ख होते, आणि होत नसेल तर आणखी घासावे, हे त्या वयात जे डोक्यात बसले ते आजतागायत निघालेले नाही. पंधरा दिवसांत मी सूनबाईच्या स्वयंपाकघरातली झाकणे, नळ, शेगडी, सगळे उजळून काढले. आता काय घासावे या विवंचनेत असतानाच एका रविवारी, ती न्हायला गेलेली असताना, ओट्यावर तिचा फोन दिसला.

आयफोन होता. पाठपोट काचेचे आणि भोवती स्टेनलेस पोलादाची गोलसर कड. नवा असताना ती आरशासारखी असणार. आता तिच्यावर केसाहून बारीक रेघांचे जाळे पसरले होते. दिव्याखाली धरला की कोळिष्टकासारखे दिसे. मी म्हटले, पोलाद ते पोलाद, ताट काय नि फोन काय! पुण्याहून नेलेली भांड्यांची पूड होती, हिरवी घासणी होती, आणि हा फोन पाण्याला भीत नाही हे चिरंजीवांनीच कौतुकाने सांगितले होते. पाच मिनिटे मन लावून घासला. ओला होता तोवर झकास दिसत होता. पुसून कोरडा केला मात्र, माझ्या पोटात गोळा आला. जाळे गेले होते खरे, पण त्याबरोबर आरसाही गेला होता. सगळी कड ॲल्युमिनियमच्या जुन्या डब्यासारखी पांढुरकी, आंधळी होऊन बसली होती.

सूनबाई बाहेर आली. तिने फोन उचलला, कडेवरून एकदा अंगठा फिरवला.

"असू द्या आई, जुनाच आहे," इतकेच म्हणाली आणि केस पुसू लागली. रागावली असती तर मला बरे वाटले असते.

रात्री चिरंजीवांनी मला बाजूला घेऊन सांगितले, तेव्हा त्या 'असू द्या'चा अर्थ कळला. हा फोन तिला तिच्या वडिलांनी 2018 साली ती जपानला निघाली तेव्हा घेऊन दिलेला. निवृत्त मास्तर ते, सोलापूरचे. पेन्शनीतून इतका महागाचा फोन कशाला म्हणून घरात वादही झाला होता. पुढे 2021 च्या मे महिन्यात, करोनाच्या त्या भयंकर लाटेत, ते गेले. त्या दिवसांत आपल्या देशातून जपानला परतण्याची वाट बंद झालेली. ती जाऊ शकली नाही. वडिलांचे शेवटचे बोलणे, नंतरचे तेरा दिवस, सगळे तिने या एवढ्याशा चौकटीत पाहिले. बॅटरी बदलली, फोन बदलला नाही.

मला त्या रात्री झोप लागली नाही.

'ह्यां'चे सारे आयुष्य पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये गेले. सकाळी ह्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांशी धरला आणि निकाल दिला, "अगं, त्या हिरव्या घासणीत एमरीसारखी खर असते. तू हा घासला नाहीस, तासलास!"

"आणि आधीच्या बारीक रेघा? त्या तर मी पाडल्या नव्हत्या."

"त्या धुळीच्या. पर्समधल्या धुळीत गारेचे कण असतात. गार पोलादाहून कठीण. किल्ल्या नि नाणी उगाच बदनाम होतात. याला आता बफिंग पाहिजे. पण चालू फोन बफला कोण लावणार?"

तेव्हा चिरंजीव म्हणाले, "त्सुबामेला विचारून पाहू."

त्सुबामे म्हणजे पाकोळी. हे गाव जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडे, निइगाता प्रांतात. वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. धातू घासून आरसा करण्याची विद्या साऱ्या जपानात या गावाइतकी कोठे नाही. आणि योगायोग असा, की 2013 पासून दर ऑक्टोबरात त्सुबामे आणि शेजारचे सान्जो मिळून आपल्या कारखान्यांचा उत्सव करतात. चार दिवस कारखान्यांची दारे उघडी. कोणीही आत जावे, कारागिराशेजारी उभे राहून पाहावे, विचारावे. आपल्याकडे गणपती पाहायला जातात तसे लोक यंत्रे पाहायला जातात. सूनबाई आधी "कशाला एवढे" म्हणत होती. पण सहल म्हणून निघायचे ठरले. मी बेसनाचे लाडू वळले; तिने सोलापुरी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेतली.

टोकियोहून शिनकानसेनने दोन तासांचा प्रवास. या गाडीचे नाव 'तोकी'. हा एक गुलाबी झाक असलेला पक्षी आहे. तासाभराने डोंगर जवळ आले आणि गाडी बोगद्यात शिरली. दाइ-शिमिझुचा हा बोगदा 22 किलोमीटरांहून लांब आहे. आपल्या बोरघाटात बोगदा आला की मुले ओरडतात. येथे ओरडायचे म्हटले तर घसा बसेल. डोंगराच्या अलीकडे स्वच्छ ऊन होते, पलीकडे आभाळ एकदम खाली उतरलेले. हिवाळ्यात या बाजूला पुरुषभर उंचीचे बर्फ पडते म्हणे. आम्ही गेलो तेव्हा भाताची कापणी होऊन गेली होती आणि एचिगोच्या सपाट मैदानात नजर पोहोचेल तोवर खुंटच खुंट. मधूनच एखाद्या घरापाशी नारिंगी फळांनी लगडलेले काकीचे झाड. दूरवर यहिको डोंगर एकटाच उभा.

स्टेशनचे नाव त्सुबामे-सान्जो. त्याची एक गंमत आहे. दोन गावांच्या शिवेवर हे स्टेशन 1982 साली उघडले. नाव कोणाचे आधी, यावर दोन्ही गावे हटून बसली. अखेर तडजोड झाली. स्टेशनाच्या नावात त्सुबामे आधी, आणि जवळच मोटारींच्या हमरस्त्यावर जो फाटा आहे त्याच्या नावात सान्जो आधी! दोन भावांच्या वाटणीत अशी अक्कल दाखवणारे पंच आपल्याकडे मिळाले असते, तर कितीतरी कोर्टकज्जे वाचले असते.

गावात पाऊल टाकले तो जागोजागी गुलाबी पट्ट्यांचे फलक. ती या उत्सवाची खूण. गाव दिसायला अगदी साधे. ठेंगणी घरे, पत्र्याच्या शेडी, मध्येच भाताचे वाफे. चकाकीचे गाव म्हणून मी रुप्याच्या दुकानासारखे काहीतरी मनात धरून आले होते. येथे चकाकी आत असते आणि बाहेर काजळी.

आधी आम्ही गावचे संग्रहालय पाहिले. तेथे या गावाची सगळी जन्मपत्रिका मांडून ठेवली आहे. शिनानो ही जपानातली सर्वांत लांब नदी. तिच्या पुराने येथली शेती वरचेवर बुडे. तेव्हा सतराव्या शतकात शेतकऱ्यांनी जोडधंदा म्हणून लोखंडी खिळे घडवायला घेतले. एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, लाकडी घरांना सारख्या आगी लागत आणि घरे पुन्हा उभी राहत, त्यामुळे खिळ्यांना मरण नव्हते. पुढे सेंडाईकडच्या एका कारागिराने तांब्याचा पत्रा ठोकून भांडी करण्याची विद्या आणली. मग कानशी आल्या, तंबाखू ओढण्याच्या लांब नळ्या आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्रावरचा विलायती खिळा आला, हातचा खिळा मेला. सिगारेट आली, नळ्या मेल्या. ॲल्युमिनियम आले आणि तांब्याच्या किटल्यांवर गदा आली. दर वेळी धंदा बुडाला आणि दर वेळी तीच माणसे, तेच हात, दुसऱ्या वस्तूकडे वळले. 1911 साली टोकियोच्या एका दुकानाने विलायती पद्धतीचे काटे-चमचे करून मागितले. तांबे ठोकणाऱ्यांनी ते हाताने घडवून दिले. आज जपानात तयार होणारे बहुतेक सगळे काटे-चमचे या एका गावचे. 1991 साली नोबेल पारितोषिकाच्या मेजवानीसाठी जे काटे-चमचे झाले, तेही येथलेच.

पण ही चढती कमान समजू नका. 1959 साली अमेरिकेने जपानी स्टेनलेस काट्याचमच्यांच्या आयातीवर मर्यादा घातली. 1985 नंतर येन महाग झाला आणि परदेशची गिऱ्हाइके तुटली. भांडी येथून गेली ती गेलीच, पण घासण्याची कला राहिली. आणि मग 2001 साली खिशात मावणारे ते गाण्याचे यंत्र आले – आयपॉड. त्याची पाठ पोलादाची, आरशासारखी. तो आरसा या गावच्या कारागिरांनी घासलेला होता. जगभरची तरुण मंडळी त्या पाठीत आपले तोंड पाहत होती आणि ती कोणी घासली याची त्यांना कल्पनाही नव्हती. पुढे ते काम चीनमध्ये गेले. 2003 साली येथल्या लहान लहान घासणाऱ्यांनी व्यापारी मंडळाच्या पुढाकाराने आपला एक संघ केला. मोठे काम आले की वाटून घेतात. त्यांचे बियरचे पेले प्रसिद्ध आहेत. 'ह्यां'नी पेला हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मी बराच वेळ 'ह्यां'च्याकडे पाहिले. पेला परत ठेवला गेला.

संग्रहालयातून निघून तांब्याची भांडी करणाऱ्या एका जुन्या घराण्याच्या कार्यशाळेकडे गेलो. ग्योकुसेंदो हे तिचे नाव, स्थापना 1816 सालची. तेव्हा आपल्या पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता. फाटकापाशीच माझे पाय थबकले. ठण्, ठण्, ठण्! डोळे मिटले असते तर शपथेवर सांगितले असते, की मी कसब्यात उभी आहे. आत लाकडाच्या ओंडक्यात लोखंडी खुंट रोवून, त्यावर किटली उपडी घालून कारागीर ठोकत होते. एकाच पत्र्यातून किटली, तिची चोचसुद्धा, जोड न देता उठवतात. आमच्या आळीतले तांबट बंब नि घंगाळी मठारत, तेव्हा अंगावर असेच ठोक्यांचे चांदणे उमटे. फरक इतकाच, की येथे ठोकणाऱ्यांत तरुण मुली दिसल्या, आणि आमच्या आळीतली मुले आता बहुतेक नोकऱ्या शोधतात. सूनबाई माझ्याकडे पाहत होती. "आई, तुम्ही रडताय?" असे तिने हळूच विचारले. मी म्हटले, "धूर आहे गं." धूर कोठेच नव्हता.

जेवणाचे हाल झाले. येथल्या शेवयांच्या रश्श्यावर डुकराच्या चरबीचा जाड थर असतो. कारखान्यात पोहोचेपर्यंत रस्सा निवू नये म्हणून ही युक्ती निघाली, असे चिरंजीवांनी भुरके मारीत सांगितले. युक्तीचे कौतुक करून मी बाकावर बसून धपाटे खाल्ले.

दुपारी ज्या घासणाऱ्याकडे गेलो त्याची शेड भाताच्या वाफ्यांना लागून होती. नवरा-बायको आणि एक शिकाऊ मुलगा, एवढाच कारखाना. दोन बफ घरघरत होते, डोक्यावरून धूळ ओढून नेणारा मोठा नळ. भिंती काळ्या, जमीन काळी, आणि कारागीर कोपरापर्यंत काळा. त्या काळ्या हातांत चमचा मात्र असा, की त्यात खिडकी, खिडकीबाहेरचे आभाळ आणि दारात उभे असलेले आम्ही चौघे दिसत होतो. वयाने ते माझ्याएवढेच असतील, पण मी त्यांना मनात आजोबा म्हणू लागले. फळीवर पांढऱ्या आणि हिरव्या वड्या रचलेल्या होत्या. त्या पाहताच 'ह्यां'चे डोळे लकाकले. "अगं, हे लस्टर! पांढरे ॲल्युमिनाचे, हिरवे क्रोमचे. आमच्याकडे अगदी हेच असे." ह्यांनी हिरव्या वडीकडे बोट केले, मग हवेत अंगठा फिरवून दाखवला. आजोबा हसले आणि त्यांनीही अंगठा फिरवला. पुढची दहा मिनिटे त्या दोघांना भाषेची गरज पडली नाही.

सूनबाईने फोन पुढे केला. आजोबांनी फोन पाहिला नाही. फोनमध्ये पडलेले छताच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहिले. हात किंचित कलता करून ते प्रतिबिंब कडेवरून सरकवत नेले. चांगल्या आरशात ट्यूब सरळ रेघेसारखी सरकते, वाईटात लाटा मारते. येथे तर तिचे नुसते धुके झाले होते. मग त्यांनी काहीतरी विचारले. सूनबाई ओठ चावून हसू दाबू लागली.

"काय म्हणतात?" मी विचारले.

"विचारतात, घासणी हिरवी होती का?"

मी मान खाली घातली. शेडीतले सगळे जण, शिकाऊ मुलासकट, मनमोकळे हसले आणि माझ्या छातीवरचे ओझे निम्मे उतरले.

मग आजोबांनी जे सांगितले ते सूनबाईच्या तोंडून मी ऐकले, ते असे. ओरखडा काढता येत नाही. ओरखडा म्हणजे खड्डा. खड्डा उचलून बाहेर कसा टाकणार? भोवतालची सगळी जमीन त्याच्या तळापर्यंत खाली आणायची, की खड्डा उरत नाही. घासणे म्हणजे वस्तू थोडी थोडी कमी करणे. आणि ज्याला आपण आरसा म्हणतो, त्यावरही रेघा असतातच. डोळ्यांना दिसू नयेत इतक्या बारीक, एवढेच.

मी तेथल्या तेथे गप्प झाले. माझ्या आजीचा एक तांब्या आहे. त्यावर तिचे नाव घातलेले होते, तिच्या लग्नातले. लहानपणी मी ती अक्षरे बोटाने गिरवलेली आठवतात. आता तांब्या लख्ख आहे आणि अक्षरे नाहीत. कोठे गेली असा विचार मी कधी केलाच नव्हता. साठ वर्षे दर दसऱ्याला मीच ती चिंचेबरोबर मोरीत वाहवली होती.

फोन चाकाला लावायला आजोबांनी साफ नकार दिला. कारणे सांगितली ती 'ह्यां'ना पटली. तांबे उष्णता लगेच सगळीकडे पसरवते. स्टेनलेसमध्ये ती जेथल्या तेथे साचते, जागा तापते, रंग पालटतो. आत बॅटरी, काचेच्या कडेला पाणी अडवणारा डिंक. चाकाने वस्तू हिसकली तर समोरच्या भिंतीवर. शिवाय लस्टर बारीक भोकांत शिरले तर आवाज कायमचा बसेल. फोन चांदीच्या रंगाचा होता म्हणून बरे. काळ्या-सोनेरी कडांवर रंगाचा पातळ थर चढवलेला असतो आणि तो एकदा घासून गेला की गेला. हे काम हाताने करू, म्हणाले.

पुढचा पाऊण तास मी डोळ्यांनी पिऊन घेतला. आधी कापडाने फोन पुसला, पुन्हा पुसला. मग काचा, बटणे, भोके सगळ्यांवर चिकटपट्टी. कडेत मध्येमध्ये प्लॅस्टिकचे अरुंद पट्टे असतात, लहरी आत-बाहेर जाव्यात म्हणून. प्लॅस्टिक पोलादाहून लवकर झिजते, म्हणून त्यांवरही पट्टी. मग लाकडाच्या लहान ठोकळ्याला 2000 नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून, पाण्यात भिजवून, एकाच दिशेने हलके हात. कागद जितका बारीक तितका नंबर मोठा. त्या कागदाने माझ्या घासणीच्या वाकड्यातिकड्या रेघा जाऊन सगळ्या एकसारख्या आडव्या रेघा झाल्या. नंतर 3000 चा कागद, आणि आता हात उभा. का? तर आडवी रेघ एक जरी उरली असली तरी उभ्यांत ती चटकन दिसते. सगळ्या गेल्याखेरीज पुढे जायचे नाही. कागद बदलताना दर वेळी फोन धुतला, हात धुतले, खालचे फडकेही बदलले. आधीच्या कागदाचा एक जाड कण मागे राहिला तरी सगळे मुसळ केरात. हे सोवळे मला फार आवडले. आमच्या सासूबाई असत्या तर त्यांनाही पसंत पडले असते.

कागदाचे काम संपता संपता कोपऱ्याशी त्यांचा हात थांबला. तेथे एक खोलसर खोच होती, तांदळाच्या कणीएवढी. माझ्या घासणीने तिला काही झाले नव्हते. आजोबांनी ती नखाने दाखवली आणि काही विचारले. सूनबाई माझ्याकडे, चिरंजीवांकडे न पाहता चटकन एक-दोन शब्द बोलली. आजोबांनी मान डोलावली, खोचेवर पट्टीचा बारीकसा तुकडा चिकटवला आणि तो कोपरा वगळून पुढे घासू लागले. मी तेव्हा काही विचारले नाही.

शेवटी मऊ सुती कापडावर हिरवी वडी घासून कडेवर लहान लहान वर्तुळे. दोन मिनिटे काहीच नाही. आणि मग धुक्यातून रस्ता दिसू लागावा तशी ट्यूबलाइटची रेघ वर आली. आधी अस्पष्ट, मग सरळ.

काम चालू असताना त्यांच्या बायकोने चहा आणला आणि कपाटातून एक फडक्यात गुंडाळलेली वस्तू. जुना आयपॉड. पाठीवर रेघांचे असे जाळे, की आरसा होता यावर विश्वास बसू नये. "मी घासलेला असेल किंवा शेजाऱ्याने," आजोबा म्हणाले. "आम्ही आरसा करून देत होतो आणि लोकांच्या खिशात आठ दिवसांत त्याचे हे होत होते. लोक तक्रारी करीत." मी विचारले, "मग हा का नाही घासलात पुन्हा?" त्यांनी खांदे उडवले. त्याचा कोणी तरी खूप वापर केला आहे, एवढेच बोलले.

चकाकीची किंमत मोजणारे कोणी वेगळेच असतात, हेही त्या काळ्या भिंती पाहून मनात आले. 2011 च्या मे महिन्यात चीनच्या चेंगडू शहरात टॅब्लेटच्या ॲल्युमिनियमच्या पाठी घासण्याच्या कारखान्यात त्या धुळीचाच स्फोट झाला आणि माणसे मेली. येथे डोक्यावरचा तो नळ दिवसभर घोंघावतो तो उगाच नाही. शिकाऊ मुलगा मध्येच यंत्र थांबवून त्याची जाळी झाडत होता. आजोबांच्या हाताखाली आणखी एक मुलगा होता, तो सोडून गेला. काळे हात घेऊन घरी जायला कोणाला आवडते?

पैसे त्यांनी घेतले नाहीत. "हे काम नव्हे, उत्सव आहे," म्हणाले. मी लाडवांचा डबा पुढे केला. आजोबांनी काळे हात मागे घेतले आणि बायकोने दोन्ही हातांनी, कमरेत वाकून, तो घेतला. निघताना त्यांनी सूनबाईला दोन गोष्टी बजावल्या. फोन पर्समध्ये टाकताना मऊ पिशवीत घाल, आणि पुन्हा घासायचा मोह झाला तरी वर्षानुवर्षे घासू नकोस. कड काही जाड नसते. दुसरी गोष्ट सांगताना ते माझ्याकडे पाहत होते.

परतीच्या गाडीत अंधार झाला होता. चिरंजीव आणि 'हे' समोरच्या बाकावर मान टाकून झोपले. सूनबाई खिडकीशी. मी तिला त्या खोचेबद्दल विचारले.

"ती बाबांची," ती म्हणाली. "फोन घेऊन आम्ही दुकानाबाहेर आलो. त्यांनी डबा तेथेच उघडला, रस्त्यात. बघू तरी कसा आहे, म्हणाले. आणि हातातून सुटला. सोलापूरचे ऊन, फरशी. माझ्यापेक्षा तेच घाबरले. घरी जाईपर्यंत आईला सांगू नकोस, सांगू नकोस, असे चालले होते. आईला मी अजून सांगितलेले नाही."

थोडा वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. गाडी बोगद्यात शिरली आणि खिडकीच्या काचेत आमची दोघींची तोंडे दिसू लागली.

"आणि त्या आजोबांना तू काय सांगितलेस?"

"म्हटले, ती राहू द्या."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बोगद्यातसुद्धा! सोलापूरहून विहीणबाईंचा होता. सूनबाई दोन वाक्ये बोलली, हसली आणि फोन माझ्यापुढे धरला. "आई, तुमच्याशी बोलायचे म्हणतात. सहल कशी झाली विचारतील."

मी पदराला दोन्ही हात नीट पुसले आणि मग फोन घेतला.